एक जूनला जन्मलेली माणसे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची परीक्षा

मा. संपादक महोदय,

सादर नमस्कार.

नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलण्याचा योग नुकताच आला. भाषण संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, आता कोड एआय लिहिते, त्याच्या चाचण्याही एआयच लिहिते, मग टेस्टिंगमध्ये आम्ही यावे कशाला?" वेळ संपत आली होती, त्यामुळे मी जे उत्तर दिले ते अपुरे होते आणि ते मला बोचत राहिले. शिवाय हा प्रश्न त्या मुलीच्या नोकरीपुरता नाही. ज्यांचा संगणकाशी काही संबंध नाही असे समजले जाते, त्यांची पेन्शन, शिष्यवृत्ती, रेशन आणि कर्जाचे अर्ज आता सॉफ्टवेअरच्या होकार-नकारावर अवलंबून असतात, म्हणून हे उत्तर आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

या क्षेत्रात मला तेवीस वर्षे झाली. सुरुवातीची अकरा वर्षे पुण्यात गेली आणि नंतर मी नागपूरला परत आले. बहुतेक काळ सॉफ्टवेअर तपासण्यात, मधली तीन वर्षे कोड, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहिण्यात आणि अलीकडची काही वर्षे एआयवर चालणाऱ्या प्रणालींची परीक्षा घेण्यात गेली.

टेस्टर म्हणजे तयार झालेल्या प्रोग्रॅमची बटणे दाबून पाहणारा माणूस, असा समज आमच्या क्षेत्रातल्या लोकांमध्येही आढळतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने मनात काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात आणि त्या त्याला स्वतःला दिसत नाहीत. त्या शोधून काढून प्रत्यक्ष व्यवहाराशी लावून पाहणे हे टेस्टरचे खरे काम आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एप्रिल महिन्यात आम्ही बिलांच्या नोंदी आत घेणारा एक प्रोग्रॅम सुरू केला. पहिले बारा दिवस तो बिनतक्रार चालला आणि तेरा तारखेला अडला. आम्हाला वाटले, आज काहीतरी नवीन बिघडले. प्रोग्रॅम दिवसाच्या जागी महिना आणि महिन्याच्या जागी दिवस वाचत होता. तेरावा महिना नसल्यामुळे तो तेरा तारखेला थांबला एवढेच. त्याआधीच्या नोंदी मात्र कसलीही कुरकूर न करता जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत वेगवेगळ्या महिन्यांत जाऊन बसल्या होत्या, आणि त्यांपैकी चार एप्रिलची तेवढी नोंद योगायोगाने बरोबर होती. त्या दिवसापासून, "इतके दिवस चालते आहे, म्हणजे बरोबर आहे" हे वाक्य मी कोणाकडूनही मान्य केलेले नाही.

कोड लिहायला लागल्यावर दुसरी बाजू कळली. आपणच लिहिलेला कोड तपासताना डोळे कागदावरचे वाचत नाहीत, मनातले वाचतात. वृत्तपत्राच्या कचेरीत बातमी लिहिणारा आणि मुद्रिते तपासणारा वेगळा का असावा लागतो, हे संपादकांना मी सांगायला नको. डेव्हलपर, म्हणजे कोड लिहिणारा, हुशार असला तरी त्याचा गैरसमज कोडमध्ये उतरतो, आणि त्याच गैरसमजातून तो चाचणी लिहितो; मग चाचणी पास होते आणि गैरसमज शिक्कामोर्तब होऊन बाहेर पडतो.

आता एआयकडे येते. काही वर्षांपूर्वी एका ग्राहक संस्थेसाठी ज्येष्ठ लाभार्थ्यांच्या यादीतील दुबार नावे शोधण्याचे काम आमच्याकडे आले. गावोगावच्या नोंदी एकत्र केल्यावर एकच माणूस दोनदा आला आहे का, हे ओळखणारे एआयचे तयार साधन बाहेरून विकत घेतलेले होते. ते परदेशातील नोंदींवर शिकलेले होते आणि पुरवठादाराच्या अहवालात त्याच्या अचूकतेचा आकडा शंभराच्या अगदी जवळ होता. आमच्या हातात पूर्व विदर्भातील गावांची यादी आली, साधन चालवले आणि दुबार ठरलेल्या नावांचा ढीग पडला. सगळ्यांना आनंद झाला; एवढी बोगस नावे सापडली, साधनाचे पैसे वसूल झाले, असे बोलले जाऊ लागले.

मी त्या ढिगातल्या नोंदी एकेक करून वाचायला बसले, तेव्हा माझ्या शेजारी नोंदणीचे काम करणारी, भंडारा जिल्ह्यातून आलेली एक तरुण सहकारी होती. ती पडद्याकडे पाहून म्हणाली, "मॅडम, या सगळ्या एक जूनच्याच आहेत. माझ्या आजीची जन्मतारीखही एक जूनच आहे." ज्यांनी ग्रामीण महाराष्ट्र पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजींनी वयाचा हिशेब जुळेल अशी तारीख लावून दिली आणि ती अनेकांच्या बाबतीत एक जून निघाली. जे कधी शाळेत गेले नाहीत, त्यांना पुढे ओळखपत्र काढताना फक्त जन्माचे साल सांगता आले, म्हणून त्यांच्या नावापुढे एक जानेवारी आली. ज्या देशातील नोंदींवर ते साधन शिकले होते, तिथे एकाच गावात एकाच नावाच्या दोन व्यक्तींची जन्मतारीख तंतोतंत सारखी असणे ही जवळजवळ अशक्य गोष्ट होती. म्हणून जन्मतारीख जुळली की त्याला जवळपास खात्री पटत असे. आपल्याकडे मात्र ती तारीख माणसाची नसून गुरुजींच्या सोयीची होती.

तारखेबरोबर नावानेही घात केला. आपले नाव तीन भागांचे असते. स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे आणि आडनाव. त्या साधनाच्या अर्जात रकाने दोनच होते, त्यामुळे मधले नाव गळले. एकाच भावकीत दिलेल्या, एकाच गावात नांदणाऱ्या, शांताबाई नावाच्या दोन जावा घ्या. दोघींचे आडनाव एक, गाव एक, साल एक आणि तारीख गुरुजींची किंवा ओळखपत्राच्या खिडकीवरची. त्या दोघींमध्ये फरक करणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे नवऱ्याचे नाव, आणि नेमके तेच आम्ही मशीनला दिले नव्हते. यादी तशीच पुढे गेली असती तर दोघींपैकी एकीचे पैसे थांबले असते, आणि "तुम्ही दुबार आहात" या कारणावर ती बाई कोणत्या खिडकीवर काय उत्तर देणार होती, हे मला आजही सुचत नाही.

त्या ढिगात खरी दुबार नावेही होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शिवाय मशीनने जी दुबार ओळखलीच नाहीत अशीही निघाली, आणि त्यामागे आपल्या लिपीचे एक कारण होते. "कुऱ्हाडे" या आडनावातला ऱ्ह संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात त्यासाठी नुक्ता असलेला ऱ वापरतात, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु मशीनला ती दोन वेगळी आडनावे वाटतात. त्यात कोणी नोंदी "स्वच्छ" करण्याच्या नादात ते न दिसणारे चिन्ह पुसून टाकले, तर कुऱ्हाडे यांचे कुर्हाडे होते. मराठी वाचणाऱ्या टेस्टरने मुद्दाम पाहिल्याशिवाय ही चूक सापडत नाही.

पुरवठादाराने खोटा आकडा दिला नव्हता. त्याच्या नोंदींवर ते साधन तितके अचूक असेलही. तिथे बरोबर असलेली गोष्ट इथे बरोबर आहे का, हे कोणी पाहिलेच नव्हते. या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एआयच्याही आधीचे आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून उडालेला युरोपचा एरियान ५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील सॉफ्टवेअर आधीच्या एरियान ४ मधून घेतलेले होते, आणि तिथे ते व्यवस्थित चालले होते. नवा अग्निबाण सुरुवातीलाच अधिक आडवा वेग घेत असे. त्या वेगाशी संबंधित असलेली एक संख्या ६४ बिटांतून १६ बिटांत (बिट म्हणजे संगणकात शून्य किंवा एक साठवण्याची जागा) बसवताना मावली नाही, कारण १६ बिटांच्या त्या जागेत जास्तीत जास्त ३२,७६७ एवढीच संख्या बसते, आणि यंत्रणा बंद पडली. एरियान ५ च्या खऱ्या मार्गाचे आकडे घालून त्या यंत्रणेची चाचणी झालेली नव्हती. राखीव यंत्रणाही होती, परंतु तिच्यातही तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे तीही त्याच कारणाने बंद पडली.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर या राखीव यंत्रणेत आहे, असे मला वाटते. एआयने कोड लिहायचा आणि त्याच एआयने त्या कोडवरून चाचण्या लिहायच्या, तर ती दुसरी तपासणी होत नाही. तोच गैरसमज दोनदा लिहिला जातो. मध्यंतरी आमच्याकडे वयाच्या सवलतीचा एक नियम होता: साठ वर्षे पूर्ण झालेल्यांना सवलत. एआयने लिहिलेल्या कोडमध्ये साठपेक्षा जास्त, अशी अट पडली. मग त्याच साधनाला चाचण्या लिहायला सांगितल्या, तेव्हा त्याने एकोणसाठ, साठ आणि एकसष्ट या तिन्ही वयांच्या चाचण्या अगदी शिस्तीत लिहिल्या, आणि साठच्या चाचणीत अपेक्षित उत्तर "सवलत नाही" असे टाकले, कारण कोड तेच उत्तर देत होता. पडद्यावर सगळे हिरवे झाले, म्हणजे सगळ्या चाचण्या पास. नियमाचा मूळ कागद उघडून वाचेपर्यंत यातली चूक दिसण्याचा दुसरा मार्ग नव्हता. याहून काळजीची गोष्ट म्हणजे, नापास होणारी चाचणी दुरुस्त कर असे सांगितल्यावर अशी साधने कधीकधी कोड दुरुस्त न करता चाचणीतले अपेक्षित उत्तरच बदलून देतात. ही साधने मी स्वतः रोज वापरते, त्यांनी माझे कित्येक तासांचे कंटाळवाणे काम वाचवले आहे आणि त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. उत्तरपत्रिका लिहिणाऱ्याच्याच हाती ती तपासायला देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

हिरवा रंग किती फसवा असतो हे १९ जुलै २०२४ रोजी सगळ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि आपल्याकडेही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले. कंपनीने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणात कारण अगदी लहान होते: एका साच्यात रकाने २१ ठरवले होते, प्रत्यक्ष कोड मात्र २० रकान्यांचीच माहिती पुरवत होता. चाचण्या झाल्या होत्या आणि पासही झाल्या होत्या, कारण चाचणीत त्या एकविसाव्या रकान्यात "काहीही चालेल" अशी खूण टाकलेली होती. त्या रकान्यात खरी अट आली, तेव्हाच तो पहिल्यांदा वाचला गेला. चाचण्या किती झाल्या हे विचारणारे व्यवस्थापक मला पुष्कळ भेटले. त्या चाचण्यांनी काय तपासले नाही, असे विचारणारे फार थोडे. चाचणी दोष असल्याचे दाखवू शकते, दोष नसल्याचे कधीच दाखवू शकत नाही, हे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

एआय तपासण्याची पद्धतही वेगळी आहे. नेहमीच्या प्रोग्रॅमला तोच प्रश्न दहादा विचारला तर उत्तर दहादा तेच येते. भाषेवर चालणारी एआय प्रणाली तोच प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत विचारला, किंवा पुन्हा तसाच विचारला, तरी वेगळे उत्तर देऊ शकते, म्हणून शेकडो प्रश्नांचा संच करून कितीदा चुकली आणि मुख्य म्हणजे कोणाच्या बाबतीत चुकली, हे मोजावे लागते. एक लाखाच्या यादीत एक टक्का चूक म्हणजे १,००० माणसे. ती हजार माणसे सगळीकडे विखुरलेली आहेत की एकाच तालुक्यातली, एकाच समाजातली, शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्या बायकाच आहेत, हे सरासरीच्या आकड्यात दिसत नाही. आणि ज्या प्रश्नांवर परीक्षा घ्यायची ते प्रश्न प्रणालीला शिकवताना आधीच दाखवले गेले असतील, तर ती फुटलेली प्रश्नपत्रिका आहे. त्या गुणांना किंमत नाही.

हे काम आपल्या देशात नीट झालेलेही आहे, आणि त्याचा नागपूरशी संबंध आहे. गाड्यांना रस्ता ओळखायला शिकवण्यासाठी वापरले जाणारे चित्रांचे मोठे संच बहुतेक परदेशी शहरांतले होते. त्यात आखीव मार्गिका होत्या, ऑटोरिक्षा आणि रस्त्यात बसलेली जनावरे नव्हती. हैदराबादच्या ट्रिपल आयटी या माहिती तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी हैदराबाद आणि बंगळुरूच्या रस्त्यांवर फिरून १०,००० चित्रांचा भारतीय संच तयार केला. पुढे २०२१ मध्ये याच संस्थेसह इंटेल, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि आपली महापालिका यांच्या सहभागाने "आयरस्ते" हा प्रकल्प नागपुरात सुरू झाला आणि शहर बसगाड्यांवर समोरच्या धोक्याची सूचना देणारी यंत्रे बसली. सीताबर्डीच्या गर्दीत हातगाडी, सायकल आणि अचानक वळणारा ऑटो यांच्यामधून जाणारी बस हीच अशा यंत्राची खरी प्रयोगशाळा आहे. तंत्रज्ञान बाहेरून आले तरी परीक्षा आपल्या रस्त्यावर घेतली जाते, हे मला फार मोलाचे वाटते.

याच शहरात पोलिसांसाठी एआय विकसित करण्याचे कामही सुरू झाले आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी "मार्व्हल" ही कंपनी स्थापन केली आणि नागपूरच्या आयआयएमचे सहकार्य तिला आहे. या प्रयत्नाबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच काळजीही आहे. शांताबाईंच्या बाबतीत चूक झाली असती तर पैसे थांबले असते. नाव किंवा चेहरा जुळवण्यातली तीच चूक पोलिसांच्या कामात झाली, तर माणूस थांबवला जाईल.

मशीनचा शब्द माणसाच्या शब्दापेक्षा मोठा मानला की काय होते, ते ब्रिटनमध्ये घडून गेले आहे. तिथल्या टपाल खात्याने १९९९ पासून होरायझन ही फुजित्सूची हिशेबप्रणाली बसवली. तिच्यातील दोषांमुळे अनेक टपाल कार्यालयांत नसलेली तूट दिसू लागली. उपटपालमास्तर सांगत होते की पैसे आम्ही घेतलेले नाहीत. त्यांना अधिकृतपणे मिळणारे उत्तर होते की प्रणाली बरोबर आहे. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोकांवर खटले झाले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांनी घरे विकून नसलेली तूट भरून दिली, आणि त्यांत भारतीय वंशाची अनेक कुटुंबे होती. संगणक व्यवस्थित चालत होता असे न्यायालयाने गृहीत धरायचे, अशीच तिथल्या कायद्याची भूमिका होती. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले आणि त्या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ साल उजाडले. होरायझनमध्ये एआय नव्हते. ते साधे हिशेबाचे सॉफ्टवेअर होते, ज्याचा कोड उघडून चूक दाखवता येत होती. एआय प्रणालीत तशी बोट ठेवण्यासारखी एक चुकीची ओळ बहुतेक वेळा सापडत नाही, म्हणून तिच्या बाबतीत पुराव्याचा भार प्रणालीवर असला पाहिजे, समोरच्या गरीब माणसावर नाही.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. लोकांचे हक्क ठरवणारी एआय प्रणाली विकत घेताना सरकारी कार्यालयाने पुरवठादाराकडे आपल्याच जिल्ह्यातील नोंदींवर घेतलेल्या चाचणीचा अहवाल मागावा आणि तो प्रसिद्ध करावा. त्या अहवालात सरासरी आकड्याबरोबर चुका कोणाच्या बाबतीत झाल्या ते लिहिलेले असावे. चाचणी घेणारा गट प्रणाली बनवणाऱ्यापासून वेगळा असावा, आणि मशीनचा निर्णय फिरवण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याचे नाव व खोली क्रमांक कार्यालयाच्या फलकावर असावा. नागपुरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, ट्रिपल आयटी आहे, शंभरी ओलांडलेले विद्यापीठ आहे; या संस्थांतील भाषा, समाजशास्त्र आणि संगणक या तिन्ही विभागांनी मिळून हे काम घ्यावे, कारण एक जूनचे रहस्य संगणकाच्या विभागाला एकट्याला उलगडणार नाही.

त्या विद्यार्थिनीला सांगायचे राहिले ते असे, की केवळ बटणे दाबण्याचे टेस्टिंग जाणार आहे आणि जाऊ द्यावे. तिने कोड वाचायला शिकावे, आकडेवारी मनापासून शिकावी, आणि आपल्या आजीची जन्मतारीख कोणी व कशी लावली हे घरी विचारून घ्यावे. गेल्या काही वर्षांत मी पूर्णपणे काल्पनिक नावांचा एक चाचणीसंच जमवला आहे. त्यात एक जून आणि एक जानेवारीच्या नोंदी आहेत, २९ फेब्रुवारीला जन्मलेले आहेत, आडनाव न लावणारे आहेत, लग्नानंतर नाव बदललेल्या आणि न बदललेल्या स्त्रिया आहेत, दोन्ही प्रकारे साठवलेले कुऱ्हाडे आहेत, आणि एका भावकीतल्या दोन शांताबाईही आहेत. नागपुरातील कोणत्याही महाविद्यालयाला तो हवा असल्यास मी विनामूल्य देईन आणि तो कसा वापरायचा हे शिकवण्यासाठी शनिवारी येईन. संपर्काचा पत्ता आपल्या कार्यालयाकडे या पत्रासोबत दिला आहे.

आपली नम्र,
एक सॉफ्टवेअर चाचणी अभियंता,
नागपूर